वाचावयाच्या ग्रंथांची कीर्द-खतावणी

वाचनाचा ज्याला खरा नाद आहे अशा मनुष्यापाशी वाचून झालेल्या पुस्तकांपेक्षा वाचावयाची राहिलेली पुस्तके नेहमीच अधिक असतात, आणि त्यांची संख्या दर आठवड्याला वाढत जाते. एखाद्या वक्त्याने व्याख्यानाच्या ओघात ओझरता उल्लेख केलेला प्रबंध, गाडी सुटता सुटता मित्राने सांगितलेले चरित्र, मासिकातील परीक्षणाने जिच्याविषयी कुतूहल जागे केले अशी कादंबरी, भलत्याच विषयावरील ग्रंथाच्या तळटीपेत गाठ पडलेले प्रवासवर्णन, ही नावे कानांवर पडतात त्या क्षणी इतकी स्पष्ट वाटतात की ती विसरली जातील अशी शंकाही मनात येत नाही. परंतु दोन महिन्यांनी ग्रंथालयाच्या देवघेव विभागात उभे राहिल्यावर त्यांतील एकही नेमके आठवत नाही, आणि समोरच्या फळीवर जे हाताला लागेल ते घेऊन आपण घरी परततो. असे वर्षानुवर्षे होत राहिले म्हणजे आपल्या वाचनाची दिशा आपल्या जिज्ञासेकडून ठरण्याऐवजी फळीवरच्या योगायोगाकडून ठरते. वाचावयाच्या ग्रंथांची नोंद ठेवण्याचे प्रयोजन एवढ्याचसाठी आहे. मात्र नुसत्या नावांची यादी हे प्रयोजन साधीत नाही. कोणते पुस्तक, कोणाचे, कोणत्या आवृत्तीचे, कोठे मिळणारे आणि विशेषतः ते आपणास कशासाठी हवे आहे, एवढा तपशील ज्या नोंदीत नाही ती नोंद लिहिणाऱ्यालाच वर्षभराने परकी वाटू लागते, असे माझे निश्चित मत आहे. आणि सूचिकारांचा इतिहास पाहिला तर या मताला भरपूर दाखले मिळतात.

प्रथम एक साधा हिशेब मांडून पाहावा. दोन आठवड्यांस एक पुस्तक या गतीने, आजारपण, लग्नकार्ये आणि परीक्षा यांची सवड न धरता, चाळीस वर्षे अखंड वाचन केले तरी वाचून होणारी पुस्तके १,०४० भरतात. मध्यम आकाराच्या ग्रंथालयाचा एखादा कोपरादेखील एवढ्याने संपत नाही. म्हणून अशी यादी ही निवडीचीच यादी असते, आणि निवड करावयाची तर निवडीचे कारण लिहून ठेवणे ओघानेच येते.

ग्रंथांची नोंद कशी करावी हा प्रश्न ग्रंथसंग्रहाइतकाच जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील विख्यात ग्रंथसंग्रहाच्या आधारे कॅलिमॅकस या ग्रीक कवीने १२० गुंडाळ्यांची जी सूची रचली, तिच्यात ग्रंथकर्त्याच्या नावासोबत त्याच्या पित्याचे नाव, जन्मस्थान आणि गुरू यांची माहिती असे. ग्रंथाचे आरंभीचे शब्द असत. आणि एकंदर ओळी किती तेही नमूद केलेले असे. शीर्षकांवर विसंबण्याची सोय त्या काळी नव्हती, एकाच नावाचे अनेक ग्रंथ व अनेक ग्रंथकार होते, आणि प्रती हातांनी उतरविल्या जात असल्याने एखादी प्रत अपुरी आहे की पूर्ण हे ओळींच्या गणतीवरूनच समजे. ती सूची पुढे नष्ट झाली व तिचे काही त्रुटित अंशच आज उपलब्ध आहेत. दहाव्या शतकाच्या अखेरीस बगदादच्या इब्न अल्-नदीम या ग्रंथव्यवसायी विद्वानाने अरबी भाषेतील ग्रंथांची जी 'फिहरिस्त' सिद्ध केली, तिच्यातील कित्येक ग्रंथ आज केवळ त्या नोंदीमुळेच माहीत आहेत. युरोपात मुद्रणकला येऊन शंभर वर्षे होतात न होतात तोच ग्रंथांचा इतका पूर आला की झुरिचच्या कॉनराड गेस्नर याला १५४५ साली लॅटिन, ग्रीक व हिब्रू या तीन भाषांतील ग्रंथांची विश्वसूची प्रसिद्ध करावीशी वाटली. त्या वेळी तो तिशीच्याही आत होता. सुमारे तीन हजार ग्रंथकारांची नोंद त्याने केली, आणि कागदाच्या सुट्या चिठ्ठ्या कापून त्या हव्या त्या क्रमाने मांडण्याची रीतही तपशीलवार सांगून ठेवली. पुढे फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या काळात जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची मोजदाद करण्यासाठी पत्त्यांच्या जोडातील पानांच्या कोऱ्या पाठींचा उपयोग केला गेला. सुट्या पानावर एकच नोंद करावी, म्हणजे तिची जागा केव्हाही बदलता येते, हे तत्त्व त्यामुळे कायमचे रूढ झाले, आणि ग्रंथालयांतील लाकडी खणांत ओळीने उभी असलेली पत्रके त्याच तत्त्वावर तयार होत आली.

आपल्याकडील एक उदाहरण याहून अधिक बोधप्रद आहे. गोदातीरी जन्मलेले आणि पुढे काशीस जाऊन राहिलेले कवींद्राचार्य सरस्वती हे सतराव्या शतकातील संन्यासी पंडित. प्रयाग व काशी येथील यात्रेकरूंवरील कर शहाजहान बादशहाकडून माफ करवून घेतल्यामुळे त्यांचे नाव त्या काळी सर्व भरतखंडात दुमदुमले. त्यांच्यापाशी हस्तलिखितांचा अपूर्व संग्रह होता. आणि त्या संग्रहाची दोन हजारांहून अधिक नोंदींची सूची १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. संग्रह स्वतः मात्र पांगला. त्यातील पोथ्या निरनिराळ्या स्थळी गेल्या, आणि त्यांपैकी ज्या आज ओळखता येतात त्या पोथीवर लिहिलेल्या कवींद्राचार्यांच्या नावावरून ओळखता येतात. त्या सूचीतील बहुतेक नोंदी नावापुरत्याच असल्यामुळे, एकाच नावाच्या दोन टीकांपैकी त्यांच्याजवळ कोणती होती असा प्रश्न अभ्यासकाला पडला तर सूची त्याचे उत्तर देऊ शकत नाही. कवींद्राचार्यांना स्वतःला त्याची गरज नव्हती, पोथी हाताशीच होती. परंतु ज्याच्या हाताशी पोथी नाही अशा मनुष्यासाठी नुसते नाव अपुरे पडते. वाचावयाच्या ग्रंथांची यादी करणारा प्रत्येक वाचक याच दुसऱ्या वर्गात मोडतो, कारण ज्याची तो नोंद करीत आहे ते पुस्तक त्याच्याजवळ नसतेच.

नोंदीत काय काय असावे याचा एक उत्तम जाबता आपणास अनपेक्षित स्थळी सापडतो. १८६७ साली सरकारने छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा जो कायदा केला, त्यामागे ग्रंथप्रेम फारसे होते असे म्हणता येत नाही; देशी भाषांत काय छापले जाते यावर नजर ठेवणे हाही त्याचा एक हेतू होता. परंतु त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता अथवा भाषांतरकार, विषय, मुद्रणाचे व प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक व प्रकाशक, तारीख, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, पुस्तक खिळ्यांवर छापले की शिळाप्रेसवर, आणि किंमत, इतके रकाने भरावे लागत. आणि या नोंदींच्या त्रैमासिक याद्या सरकारी राजपत्रातून प्रसिद्ध होत. त्याच सुमारास मुंबई इलाख्याचे विद्याखात्याचे संचालक अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची यादी सिद्ध केली होती. एकोणिसाव्या शतकातील कित्येक लहानसहान मराठी पुस्तकांविषयी आज जे थोडेबहुत सांगता येते ते या दप्तरी रकान्यांच्या आधारे सांगता येते.

या साऱ्या सामग्रीचा, आणि ग्रंथालयांत प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रतींचा उपयोग करून ज्यांनी मराठी ग्रंथांची सूची रचली त्या शंकर गणेश दाते यांचे नाव प्रत्येक मराठी वाचकाने कृतज्ञतेने घ्यावे अशी त्यांची योग्यता आहे. त्यांच्या मराठी ग्रंथसूचीच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतची, आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० पर्यंतची प्रकाशने विषयवार लावलेली आहेत. दीडशे वर्षांच्या मराठी ग्रंथनिर्मितीचा असा आलेख एका मनुष्याच्या चिकाटीतून उभा राहावा ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात असामान्य आहे. मराठी नियतकालिकांतील लेखांच्या सूचीचे कामही त्यांनी सहकाऱ्यांसमवेत चालविले, आणि ग्रंथसूचीचे कार्य पुढे शरद केशव साठे यांनी नेटाने चालू ठेवले. दात्यांची सूची ही संशोधकांची मिरास आहे असा एक समज आहे, तो मला मान्य नाही. ज्या विषयात आपणास गोडी आहे त्या विषयाचे पान उघडून अर्धा तास वाचीत बसावे, म्हणजे ज्यांचे नावही पूर्वी ऐकले नव्हते अशी दहा पुस्तके आपल्या यादीत सहज दाखल होतात. मोठ्या मराठी ग्रंथालयांत ती पाहावयास मिळते. ग्रंथपालाकडे नुसते नाव काढले तरी पुरते.

सार्वत्रिक सूची आणि व्यक्तीची यादी यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर हेतूचे आहे. सूचिकाराला काहीही वगळता येत नाही. वाचकाला बहुतेक सारे वगळावेच लागते. हेतू पक्का असला म्हणजे यादी किती आटोपशीर व अचूक होते हे पाहावयाचे असेल तर भगतसिंगांनी २४ जुलै १९३० रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगातून आपले मित्र जयदेव गुप्त यांस लिहिलेले पत्र पाहावे. लाला लजपतराय यांनी स्थापिलेल्या द्वारकादास ग्रंथालयातून आपल्या नावावर पुस्तके काढून धाकटा भाऊ कुलबीर याच्याकरवी पाठवावीत असे त्यात लिहिले आहे, आणि पत्रातील एकंदर मागणी अशी आहे: कार्ल लीब्क्नेख्ट, बर्ट्रांड रसेल, क्रोपोटकिन, मार्क्स, बुखारिन यांचे ग्रंथ, आणि त्यांच्याच शेजारी पंजाबातील शेतकऱ्याची संपन्नता व कर्जबाजारीपणा यांवरील डार्लिंग यांचा ग्रंथ, तसेच अप्टन सिंक्लेअर यांची एक कादंबरी. खटला अजून चालू होता, शिक्षा व्हावयाची होती, आणि तेवीस वर्षे पूर्ण न झालेला हा तरुण कोणते पुस्तक कोणाचे आहे व कोठे मिळेल हे नेमके सांगत होता. बोर्स्टल तुरुंगातील सहकाऱ्यांनी पाठविलेल्या यादीचे काय झाले, त्यांना पुस्तके अद्याप का पोहोचली नाहीत, याचीही विचारपूस त्याने त्याच पत्रात केली आहे. मंडाले येथील कारावासात लोकमान्य टिळकांनीही असेच पुण्याहून ग्रंथ मागविले, आणि त्या संग्रहाच्या साहाय्याने १९१०–११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले. पत्रव्यवहारावर कडक निर्बंध असताना चुकीचे पुस्तक मागविणे म्हणजे महिने वाया घालविणे होते. तेव्हा काय हवे आणि कशासाठी हवे हे मनाशी पूर्ण ठरल्याखेरीज लेखणी उचलण्याची सोयच नव्हती. आपणावर तसा निर्बंध नाही. म्हणून ती शिस्त आपणास स्वतःहून लावून घ्यावी लागते.

ती लावून घेण्याची रीत आपल्या जुन्या पेढ्यांच्या दप्तरात तयारच आहे. पेढीवर व्यवहार होईल तसा तो प्रथम कीर्दीत तारीखवार चढवीत, आणि नंतर सवडीने खतावणीत ज्या त्या खात्यावर नेऊन मांडीत. वाचकानेही एक लहानशी वही खिशात बाळगून जे नाव ज्या दिवशी कानांवर पडेल ते त्याच दिवशी, अपुरे असले तरी, तिच्यात उतरून घ्यावे. आणि आठवड्यातून एकदा स्वस्थ बसून त्या नोंदी मोठ्या वहीत अथवा सुट्या पत्रकांवर विषयवार चढवाव्यात. चढविताना नोंद पुरी करावी. कर्त्याचे संपूर्ण नाव लिहावे, नुसते आडनाव लिहू नये. 'जोशी यांचा कोश' एवढेच टिपणाऱ्याला पुढे उलगडा होत नाही की आपणास मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अभिप्रेत होते की भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक पंडित महादेवशास्त्री जोशी. आवृत्तीचा उल्लेख तर कधीच टाळू नये. 'ज्ञानेश्वरी' एवढे लिहिल्याने काय बोध व्हावा? इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून सिद्ध केलेली प्रत वेगळी, आणि वारकरी परंपरेत पारायणासाठी वापरली जाणारी वेगळी; दोहोंतील पाठ, शब्दरूपे आणि संपादकाची दृष्टी यांत मोठा भेद आहे. तुकोबांच्या गाथेचेही तसेच. शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली इंदुप्रकाशची गाथा आणि वारकरी परंपरेत वापरली जाणारी गाथा यांपैकी कोणती कोणत्या कामासाठी हवी हे लिहिले नाही, तर जी मिळेल ती आणली जाते आणि हवा असलेला अभंग दिलेल्या क्रमांकावर सापडत नाही. भाषांतरित पुस्तक असेल तर भाषांतरकाराचे नाव अवश्य नोंदवावे.

यानंतरचे दोन रकाने मला सर्वांत मोलाचे वाटतात. पहिला, हे पुस्तक कोणी सुचविले. ज्याच्या शिफारशीवरून आणलेली तीन पुस्तके मनापासून आवडली, त्याने सुचविलेले चौथे यादीत वर चढवावे. आणि वाचून झाल्यावर त्याच्याशी त्याविषयी बोलता येते, हा लाभ तर फारच मोठा आहे. दुसरा रकाना कारणाचा. एक ओळ पुरे: 'सातारच्या प्रतिसरकारविषयी प्रत्यक्षदर्शीचे कथन', 'बंगाली कादंबरीची ओळख म्हणून', 'आईने लहानपणी सांगितलेली गोष्ट यात आहे'. ही ओळ असली म्हणजे चार वर्षांनंतरही ती जिज्ञासा पुन्हा जागी होते; आणि जागी झाली नाही तर ती नोंद निःसंकोचपणे खोडता येते.

नोंदी कोठून मिळवाव्यात, याविषयी थोडेच सांगतो. मासिकांतील परीक्षणे, १९६४ पासून निघणाऱ्या 'ललित'सारख्या ग्रंथविषयक नियतकालिकातील नव्या पुस्तकांची वार्ता, दिवाळी अंक आणि प्रकाशकांच्या याद्या ही नित्याची साधने आहेत. परंतु आवडलेल्या पुस्तकाच्या शेवटी दिलेली संदर्भसूची या सर्वांहून विश्वासार्ह आहे, कारण तिच्यातील प्रत्येक ग्रंथ कोणीतरी कामासाठी वाचून पाहिलेला असतो. ती सूची वाचल्याखेरीज पुस्तक परत करू नये.

आता भ्रमणध्वनीवर नोंद करणारे पुष्कळ आहेत, आणि २००७ साली सुरू झालेल्या 'गुडरीड्स'सारख्या संकेतस्थळांवर बोटाच्या एका स्पर्शासरशी पुस्तक 'वाचावयाचे' या खात्यात जमा होते. प्रत्येक आवृत्तीला मिळणाऱ्या आयएसबीएन या आंतरराष्ट्रीय क्रमांकामुळे तेथे नेमकी आवृत्ती दाखविता येते. २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला असून त्यातील शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून गणिताने काढलेला असतो, जेणेकरून लिहिताना एक आकडा चुकला तरी चूक उघड व्हावी. या सोयी मोठ्या आहेत व त्यांचा अव्हेर करण्याचे कारण नाही. तथापि हा क्रमांक १९७० च्या सुमारास प्रचारात आला, तेव्हा त्यापूर्वीच्या मराठी आवृत्त्यांवर तो असू शकत नाही, आणि त्या संकेतस्थळांवर जुनी मराठी पुस्तके पुष्कळदा सापडतच नाहीत. दुसरे असे की नोंद करण्यास श्रम पडले नाहीत म्हणजे निवडही होत नाही. यादी शेकड्यांनी फुगते, आणि कारणाचा रकाना रिकामा राहतो. जो भ्रमणध्वनीवर नोंद करतो त्याने त्यातील शेऱ्याची जागा नेमाने भरावी, म्हणजे साधन कोणते आहे याने फारसे बिघडत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला पेढीवर नवी वही घातली जाते, तेव्हा जुन्या वहीतील बाकी पुढे ओढून घेतात. वाचकाने वर्षातून एकदा हेच करावे. मागील वर्षी न वाचलेली प्रत्येक नोंद स्वतःच्या हाताने नव्या वहीत उतरवावी. आणि जी उतरविताना हात कुरकुरतो ती तेथेच सोडावी. सोडलेल्या पुस्तकाविषयी खंत करू नये. वाचकाच्या वयाबरोबर प्रश्न बदलतात, आणि विसाव्या वर्षी अत्यावश्यक वाटलेला ग्रंथ चाळिसाव्या वर्षी नको वाटला तर त्यात ग्रंथाचाही दोष नाही आणि वाचकाचाही नाही. जी मात्र सलग चार-पाच वर्षे पुढे ओढली गेली आहे, तिच्यासाठी इतर सारे वाचन तहकूब ठेवून पुढचा महिना राखून ठेवावा.

यादी घरातच राहिली तर तिचा अर्धाच उपयोग झाला. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे सांगितले आहे. परंतु वाचकाने आपणास काय हवे हे सांगितल्याखेरीज ग्रंथपालाने ते ओळखावे कसे? ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले ते मराठी ग्रंथ वाचकांच्या हाती पडावेत म्हणून. आणि १९६७ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात गावोगावी अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांपैकी बहुतेकांत वाचकांच्या मागण्यांची वही ठेवलेली असते, आणि तिची पाने बहुधा कोरी असतात. खरेदीच्या वेळी मग प्रकाशकाच्या यादीवरून जे सोयीचे ते घेतले जाते. आपल्या खतावणीतील पाच नोंदी, कर्ता, प्रकाशक आणि आवृत्तीसह, त्या वहीत स्वच्छ अक्षरांत लिहून खाली सभासद क्रमांक घालावा, आणि पुढील खरेदीनंतर ग्रंथपालांना त्याविषयी अवश्य विचारावे, अशी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे.